पर्जन्यमापकावरचा लिंब

विद्यापीठात मी हवामानबदलाची मॉडेलं शिकत होतो. शिरड शहापूरजवळच्या एका गावाचा पाऊस वर्षानुवर्षं घटताना दिसला, म्हणून मूळ नोंदवही बघायला गेलो.

नोंदी ठेवणारा शिपाई सकाळी साडेआठच्या ठोक्याला आला. चपला काढून पर्जन्यमापकापुढं उकिडवा बसला, काचेचं माप उपरण्यानं पुसलं आणि एक डोळा मिटून पाणी वाचलं. वीस वर्षांत त्यानं एक दिवस चुकवला नव्हता.

मापकावर कडुलिंबाच्या फांद्या दाट पसरल्या होत्या.

“हे झाड कुणी लावलं?”

“मीच की. यंत्र उन्हात तापून राहिलं होतं, म्हून सावली केली.”

झाड वाढत गेलं, तसा पाऊस फांद्यांवरच अडत गेला होता. सगळ्या नोंदी वाया गेल्या, हे मी त्याला जमेल तितक्या हळू सांगितलं. तो बराच वेळ वहीवरून हात फिरवत राहिला.

“वही खोटी म्हना साहेब. पन माझ्या हिरीचा तळ दिसून राहिला. ती काय लिंबाखाली हाय?”

त्या गावाचा वीस वर्षांचा पाऊस मी प्रबंधातून काढून टाकला. विहिरीची नोंद कुणीच ठेवली नव्हती.