शलाकाने तिकिटं थांबवली

मंडळी, आज दुपारी आमच्या ऑस्ट्रेलियातल्या टार्निटच्या बॅकयार्डमध्ये निनाद-शलाकाचं निरोपाचं जेवण होतं. निनादला प्रमोशन मिळालंय, दोन वर्षं दोघं दुबईला. मी बार्बेक्यूवर कणसं भाजत होतो, कान मात्र त्या दोघांकडेच.

"आज तिकिटं काढतो," निनाद म्हणाला. "तुझा पीआर आहेच, पर्मनंट रेसिडेन्सी. पर्मनंट म्हणजे पर्मनंट!"

"पीआर राहील रे," शलाका म्हणाली, "पण परत यायची परवानगी मार्चमध्ये संपते. तू सिटिझन, परत येताना तू विमानात बसशील आणि मी दुबईत टाटा करत उभी राहीन. आधी माझा रिटर्न व्हिसा, मग तिकिटं."

निनादने फोन खिशात ठेवला.

मानलं पोरीला! नवऱ्याच्या प्रमोशनच्या आनंदातही तिने परतीचं दार उघडं ठेवलं. तुमच्या घरी परवानगी संपायची ही तारीख कोण लक्षात ठेवतं?