मेण लावलेला हेडफोन

चिमण दुमाडाला कुणी "तुला काय कळतं" म्हटलं की तो भांडत नसे. उठायचा आणि चालू लागायचा. सायवनमध्ये त्याच्या या उठून जाण्याचे किस्से आजही सांगतात. ग्रामसभेतून उठून गेला, पुतणीच्या सोयरिकीतून उठून गेला, एकदा तर स्वतःच्याच घरातून उठून गेला आणि फणसाखाली दोन दिवस राहिला. बायको शुक्री तिथंच भाकरी नेऊन द्यायची आणि म्हणायची, "पाहुणे, घरात या की."

माणूस पन्नाशीचा, काळा, काटक. तारपा बांधायचा आणि वाजवायचाही. सुकलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, खाली ताडाच्या पानांचा भोंगा, आणि सांधायला मधमाशीचं मेण. उधव्यापासून कासापर्यंत लोक त्याच्याकडे यायचे. बाजारात तो भोपळा बघून घेत नसे, कानाशी धरून बोटानं ठोकायचा आणि दहातले नऊ परत ठेवायचा. विकणारी बाई वैतागायची, "भाजी करणार की लग्न लावणार?" एका रिसॉर्टवाल्यानं भिंतीला टांगायला सहा तारपे मागितले होते. वाजवणार कोण, असं चिमणनं विचारलं. कुणीच नाही म्हटल्यावर दिले नाहीत. इतरांनी दिले. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, पोट सगळ्यांना आहे.

तारप्यावर पोट भरत नाहीच. नवं भात तयार झालं की तो बाहेर निघतो, झोडणी संपली की वर बांधून ठेवतात. मधल्या आठ-नऊ महिन्यांत त्याला तोंड लावायचं नाही. त्या महिन्यांत चिमण डहाणूकडे गोविंदरावांच्या चिकूच्या वाडीत जायचा. सायवनहून जीपनं कासा, कासाहून दुसऱ्या जीपनं पुढे. लांब काठीच्या जाळीनं चिकू उतरवायचा, संध्याकाळी परत.

गोविंदरावांचा मुलगा प्रितम. इंजिनियर होऊन आला, नोकरी केली नाही. वाडीतल्या जुन्या गोदामाची एक खोली घेतली, भिंतींना गाद्या ठोकल्या आणि आत मशिनं मांडली. मोबाईलवर व्हिडिओ टाकायचा: कुठला हेडफोन घ्यावा, कुठला घेऊ नये. स्वस्तातले नाहीत, मोटारसायकलच्या किमतीचे. एकात व्हायोलिन कसं ऐकू येतं, दुसऱ्यात तबल्याची शाई कशी ऐकू येते, असं तासतास बोलायचा. बघणारे हजारो. गोविंदराव म्हणायचे, "आमच्या पोराला कान दोन आणि हेडफोन अकरा."

२०१७च्या आश्विनात हाच प्रितम माईक घेऊन सायवनला आला. पाड्यावर नाच चालला होता, मधोमध चिमण, भोवती साखळी धरून माणसं. प्रितमनं अकरा मिनिटं भरून घेतली. मुंबईची एक संस्था वाद्यांचे आवाज गोळा करत होती. कायमचे ठेवणार होती, कुणीही मोबाईलवर ऐकू शकेल असे. खाली नाव येणार: बांधणारा आणि वाजवणारा, चिमण दुमाडा, सायवन. जानेवारीच्या वीस तारखेपर्यंत पाठवायचं होतं.

नावाचं चिमणला फार नव्हतं. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. पाड्यावरची पोरं आता म्हाताऱ्यांपाशी बसत नाहीत, मोबाईलवर ऐकून शिकतात. म्हणजे उद्या तारपा बांधणारा पोरगा हीच अकरा मिनिटं ऐकून नळी कापणार. ती चुकीची असली तर नळी चुकीची कापणार, आणि चूक दाखवायला तेव्हा चिमण नसणार.

अठरा जानेवारीला दुपारी प्रितमनं त्याला वाडीतून खोलीत बोलावलं.

"चिमणदादा, बसा. आवाज धुवून तयार केलाय. कानाला लावा."

पहिला हेडफोन काळा, जाड गादीचा. चिमणनं डोळे मिटून ऐकलं.

"गोड हाय," तो म्हणाला. "गुळात बुडवलाय."

"याचा बास जास्त आहे. पुढे?"

"पुढं काय, एकच वाजतंय."

प्रितमला कळलं नाही. चिमणनं बोटं वर करून दाखवलं. नळ्या दोन. एकीला भोकं, तिच्यावर बोटं नाचतात. तिला तो नर म्हणायचा. दुसरी एकच सूर धरून राहते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, श्वास न तोडता, ती मादी. नर नाचतो, मादी जमीन होते. "इथं नर हाय. मादी कुठं गेली?"

"गेली कुठे? दबलीय फक्त. हा घ्या, हा उघड्या जाळीचा आहे. बारीकसारीक सगळं ऐकू येतं."

दुसरा लावला. चिमणचं तोंड वाकडं झालं. "यात पाणी हाय. ओढ्यात कुणी हात हलवतंय असं."

"पाणी?"

"सुराच्या मागं मागं. बुळबुळ."

तिसरा हेडफोन प्रितमनं पेटीतून काढला, देव काढावा तसा. मित्राचा होता, आठवड्यापुरता आणलेला. किंमत लाखाच्या वर. दोन्ही बाजूंना चंदेरी जाळी, वजनाला पाव किलोच्या पुढे. चिमणनं लावला आणि अर्ध्या मिनिटात काढला.

"टोचतो. आणि पाणी याच्यात सगळ्यात जास्त."

प्रितम चिडला. तीन महिने तो या मॉडेलचे गोडवे गात होता. "अहो, जेवढा महाग तेवढं वाईट ऐकू येतंय तुम्हाला. हा जगातला सगळ्यात खरा हेडफोन आहे. हा खोटं बोलत नाही."

"मग खोटं कोण बोलतंय, शेट? तू का मी?"

"चिमणदादा, तुम्हाला तारपा कळतो. हेडफोनमधलं तुम्हाला काय कळतं?"

झालं. ते वाक्य आलं. चिमण उठला. दारापर्यंत गेलाही. पण आपली अकरा मिनिटं त्या मशीनमध्ये आहेत आणि परवा ती मुंबईला जाणार, हे त्याला दारात आठवलं. तो वळला आणि परत खुर्चीवर बसला. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं, आणि बघायला तिथं शुक्री नव्हती.

तेवढ्यात टेम्पो आला म्हणून गोविंदरावांनी हाक मारली. प्रितम बाहेर गेला. चिमण आणि तो हेडफोन, दोघेच राहिले.

तारप्याची नळी टोचायला लागली तर काय करायचं, हे चिमणला बापानं शिकवलं होतं. नळीच्या आत जी जीभ थरथरते तिच्या टोकाला नाचणीच्या दाण्याएवढं मेण लावायचं. जीभ जड होते, सूर खाली बसतो, टोचणं जातं. जास्त झालं तर नखानं काढायचं. मेणाची गोळी त्याच्या कनवटीला बाराही महिने असायची, तंबाखूसारखी. त्यानं हेडफोनची गादी बोटानं चाचपली, ती खट् करून सुटली. आत बारीक जाळी. त्यानं मेण बोटांत मळून ऊन केलं आणि एक दाणा दाबला. लावून ऐकलं. थोडा फरक. अजून दोन दाणे. मग दुसऱ्या बाजूला. एक काढला, जागा बदलली. हात आणि कान दोन्ही ओळखीच्या कामाला लागले होते. टोचणं गेलं. आणखी दोन दाणे, पाणीही गेलं. चिमण खुर्चीत मागं रेलला.

प्रितम आला तेव्हा गादी अजून मांडीवरच होती.

"हे काय केलंत?"

"बसवला."

"मेण? तुम्ही मेण लावलंत? दादा, दुसऱ्याचा आहे तो! परत द्यायचाय!"

आवाज ऐकून गोविंदराव दारात आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेण लावलं ना? आता वात लाव, दिवाळीला कामाला येईल." आणि निघून गेले.

प्रितमनं गादी बसवली. बिघडलाय का बघायला कानाला लावला. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग तो हळूच म्हणाला, "च्यायला." खरंच टोचणं कमी झालं होतं. परदेशात लोक असल्या हेडफोनच्या आत लोकर न् चिकटपट्ट्या लावतात, त्यावर त्यानं स्वतः व्हिडिओ केला होता. हा बाबा दहा मिनिटांत तेच करून बसला होता. राग उतरला, मग हसूच आलं.

"म्हणजे आता बरोबर आहे? पाठवू?"

आपलं काम मानलं गेल्यावर माणूस जसा फुलतो तसा चिमण फुलला होता. "पाठव," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं शुक्रीला सगळं रंगवून सांगितलं. लाखाचा डबा, त्याला कनवटीचं मेण, शेटचं तोंड. शुक्री वाल सोलत ऐकत होती.

"आणि मादी? ती आयकू आली का?"

चिमणनं कनवटीची मेणाची गोळी चाचपली.

"नर आयकला, पाणी काढलं, मेण लावलं," शुक्री म्हणाली. "बायकोचा आवाज गेला, तर तुमा दोघा गड्यांना पत्ता नाय."

तो जेवला नाही. टोचणं घालवायच्या नादात आपण ज्यासाठी बसलो होतो तेच ऐकलं नाही, हे त्याला लख्ख दिसलं. मेणानं पाणी झाकलं होतं. मादी काही आली नव्हती. आणि आपण तोंडानं पाठव म्हणालो होतो.

चिमण दुमाडानं दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता. भोपळ्याचा भाव असो की पोरीचं लग्न, एकदा हो म्हटलं की हो. त्याच बळावर तो इतक्या ठिकाणांहून उठून जाऊ शकायचा. सकाळी पहिली जीप धरताना त्याला हेच जड जात होतं. कासाला दुसऱ्या जीपची वाट बघताना एका ओळखीच्यानं विचारलं, "एवढ्या लवकर कुठं?" तर तो म्हणाला, "खोटा पडायला."

प्रितम दात घासत होता.

"पाठवू नको," चिमण म्हणाला.

"काल तुम्हीच पाठव म्हणालात!"

"काल मी चुकलो. डब्याला मेण लावलं नाय मी, माझ्याच कानाला लावलं. तू आधी जे भरून आणलंस ते आयकव. धुतलेलं नको. कच्चं."

"त्यात काय ऐकणार? कुत्री आहेत, लोक ओरडतायत, कुणाची तरी मोटारसायकल आहे."

"आयकव."

प्रितमनं कपाळाला हात लावून मशीन चालू केलं. शोधता शोधता त्याचा चेहरा बदलला. माईकचं कार्ड त्यानं हेडफोनच्या व्हिडिओसाठी पुसून वापरलं होतं. कच्च्यातला फक्त एक तुकडा शिल्लक होता, आवाज नीट येतोय का बघायला सुरुवातीला वेगळा काढलेला. चाळीस सेकंद. तो त्यानं पहिल्या, काळ्या, गुळातल्या हेडफोनवर लावला आणि चिमणला दिला. चिमणनं ऐकलं, आणि हेडफोन काढून प्रितमच्याच डोक्यावर ठेवला.

गुळातसुद्धा दोन्ही वाजत होत्या. वर नर, खाली अखंड मादी. मधेच कुत्रं.

प्रितमनं हेडफोन काढला. मग त्यानं सांगितलं, थोडं स्वतःलाच. आवाज धुवायचं एक सॉफ्टवेअर असतं. जे एकसारखं, न थांबता वाजतं ते त्याला घाण वाटतं, पंख्याची घरघर वगैरे. ते काढून टाकतं. काढलेल्या जागी बुळबुळ राहते. "ते पाणी. महाग हेडफोनमध्ये जास्त ऐकू येत होतं, कारण ते खरं दाखवत होते. आणि मला वाटलं, तुमचे कान..."

"श्वास न तोडता वाजवायला मना सात वरसं लागली," चिमण म्हणाला. "तुज्या मशीननं त्यालाच घरघर म्हटलं."

प्रितमनं विचारलं, "आज पुन्हा वाजवता? इथंच, खोलीत? उद्याची तारीख आहे."

"झोडणी झाली. वर बांधलाय."

"पाच मिनिटं फक्त. कुणाला कळणार आहे?"

चिमणनं त्याच्याकडं असं बघितलं की प्रितमनं पुन्हा विचारलं नाही. पर्याय दोनच उरले. धुतलेली अकरा मिनिटं, स्वच्छ, मुंबईला आवडतील अशी. नाहीतर कुत्र्यासकट चाळीस सेकंद. प्रितमचीही अडचण होती. रेकॉर्डिंग करणारा म्हणून त्याचंही नाव खाली जाणार होतं, आणि हेडफोनमध्ये सुई पडलेलीही ऐकणाऱ्या माणसानं कुत्रं पाठवलं, असं लोक म्हणणार होते.

"कुत्रं तरी काढू?" त्यानं विचारलं.

"काढता काढता अजून काय काढशील?"

प्रितमनं चाळीस सेकंद पाठवले. अकरा मिनिटांची धुतलेली फाईल चिमणसमोर पुसली. तसं करायला चिमणनं सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये संस्थेचं पत्र आलं. चिमण झाडाखाली चिकू निवडत होता, प्रितम मोबाईल घेऊन तिथंच आला आणि वाचून दाखवलं. नोंद घेतली आहे. नाव आहे, गाव आहे. पुढे लिहिलं होतं: कालावधी अपुरा, ध्वनीचा दर्जा निकृष्ट.

"निकृष्ट म्हंजी?"

"खालच्या दर्जाचं."

"दोन्ही नळ्या हायत ना त्यात? जशाच्या तशा?"

प्रितमनं तिथंच फाईल उघडली, कानाला लावली, शेवटपर्यंत ऐकली. "आहेत."

"मग लिवू दे," चिमण म्हणाला, आणि टेम्पो भरायचा होता म्हणून पाटी उचलून गेला.