भाऊंचा वाढदिवस आणि मावशीची खोली

कारंज्याच्या एसटी स्टँडवर, मुतारीच्या भिंतीला लागून एक बाई राहायची. मी तिला मावशी म्हणायचे. पहिल्यांदा तिच्याजवळ बसले तेव्हा मला ओकारी आली. तिच्या पायाला जखम होती, तिच्यावर माशा घोंघावत होत्या आणि लुगड्याला वाळलेल्या लघवीचा वास येत होता. मी तेव्हा एका संस्थेच्या बेघर निवाऱ्यात नोकरीला होते. रस्त्यावरच्या माणसांशी ओळख करायची, त्यांना निवाऱ्यात यायला राजी करायचं, हे माझं काम. वासाची सवय होते. पुढे पुढे मी तिच्याजवळ बसून माझा डबाही खाऊ लागले.

मावशी कामरगावकडची. नवरा असेपर्यंत दोघं जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला, गाठी लादायला जात. तो गेल्यावर दिरानं घराला कुलूप घातलं. मूलबाळ नाही तर घर कशाला अडवतेस, असं त्याचं म्हणणं. ती स्टँडवर आली आणि मग बरीच वर्षं तिथंच राहिली. निवाऱ्याचं नाव काढलं की म्हणायची, "तेथं मायं बोचकं कोठं ठेवू? कोनी हात लावला त?" त्या बोचक्यात नवऱ्याचा एक शर्ट, झाकण नसलेला डबा आणि कुठल्याशा जत्रेतलं दोघांचं छायाचित्र होतं. रोज पायाला मलमपट्टी करून घेता घेता ती हळूहळू बोलायला लागली होती. एकदा निवारा बघून येते म्हणाली होती. अजून थोडे दिवस मिळाले असते तर आली असती, असं मला अजूनही वाटतं.

पण मध्येच भाऊंचा वाढदिवस आला.

आमच्याकडे प्रत्येक गावात एक तरी भाऊ असतो. पांढरे कपडे, गळ्यात गमछा, मागे मोटारसायकलींची रांग. त्या वर्षी वाढदिवसाला केक कापण्याऐवजी 'समाजसेवा' करायची असं या भाऊंनी ठरवलं. मला स्टँडवरच्या चहावाल्याचा फोन आला, "मॅडम, लवकर या, तुमच्या मावशीले धरून राह्यले."

मी पोचले तेव्हा सगळं उरकत आलं होतं. भर दुपारी, प्रवाशांच्या देखत, चार बायकांनी मावशीला धरून बसवलं होतं आणि एक न्हावी तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवत होता. लुगडं अंगाला चिकटलेलं. पाण्याच्या टँकरचा पाइप अजून वाहत होता. एकजण मोबाइल वर धरून जोरात बोलत होता, "पहा मित्रहो, भाऊंनी एका निराधार मातेला नवं जीवन दिलं." मावशी दात आवळून एका दिशेला बघत होती. तिकडं कचऱ्याच्या ढिगात तिचं बोचकं जळत होतं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

भाऊ माझ्याकडे बघून हसले. "मॅडम, तुमचंच काम हलकं केलं. इतके दिवस तुमच्यानं झालं नाई ते आमी एका तासात केलं."

त्यांनी मावशीच्या खांद्यावर नवी साडी टाकली, शेजारी उभे राहिले, हात जोडले. फोटो झाला. मग रुमालानं हात पुसले. नुसते नाही, बोटं एकेक करून पुसली आणि रुमाल तिथंच टाकून दिला. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या ओळखीची एक शिक्षिकाही त्यात होती. मला पुन्हा ओकारी आली, आणि या वेळी जखमेवरच्या माशा कारण नव्हत्या.

मावशीनं राख उकरली. हाताला डबा लागला, वाकडा झालेला. तिनं तो तिथंच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर नव्हती.

तिचा पत्ता लागायला बरेच दिवस गेले. मग आमच्या वस्तीतली एक बाई पोहरादेवीच्या यात्रेहून आली, म्हणाली, डोक्याले टॉवेल बांधलेली एक म्हातारी प्रसादाच्या पत्रावळी टाकतात तिथं बसलेली दिसली. मी जीपनं गेले. यात्रा ओसरली होती. दुकानांच्या मागं, उष्ट्या पत्रावळींच्या आणि कुजलेल्या भाताच्या वासात मावशी बसली होती. मला बघून उठली नाही.

"काहून आली?"

"तुम्हाला न्यायला."

"निवाऱ्यात? जाय बापा. तुमचे लोक मोबाइल घेऊन येतेत."

"निवाऱ्यात नाही. खोलीत. तुमची स्वतःची खोली. कुलूप लावता येईल अशी."

"किल्ली कोनापाशी राहीन?"

"तुमच्यापाशी."

"अन् दुसरी?"

"दुसरीपण तुमच्यापाशीच."

"मंग पाह्य," ती म्हणाली. "भेटली त सांग."

खोली माझ्याकडं नव्हती. मी बोलून बसले होते, आता शोधणं भाग होतं. निवाऱ्याच्या साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण सुरुवातीचं भाडं संस्था देईल आणि मावशीचा निराधार योजनेचा पगार सुरू झाला की ती भरेल, एवढं कबूल केलं. मग मी दारोदार फिरले. एका गृहस्थांनी सोफ्यावर बसवून सरबत दिलं, ती बाई म्हणजे व्हिडिओतली का म्हणून कौतुकानं विचारलं, "भाऊंनी मोठंच काम केलं," म्हणाले, आणि मग, "पण आमच्याकडं फॅमिलीवाले राहतात ना." दुसऱ्या घरी खोली पसंत पडली, बोलणं ठरलं, आणि निघताना मालकिणीनं माझं आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर तिला आठवलं की पुतण्या शिकायला येणार आहे. भाडेकरू मी नव्हतेच, तरी पुतण्या यायचाच होता. आम्हा बौद्धांना हे पुतणे चांगले माहीत असतात. माझ्या वडिलांची सगळी नोकरी अशा पुतण्यांनी भरलेल्या गावांतून झाली. हसून बोलत, पाणी देत, दारापर्यंत सोडायला येत माणसं नाही म्हणतात. त्या गोड बोलण्यानं माझ्या तोंडाला जी चव यायची ती घरी येऊन चूळ भरली तरी जात नसे.

शेवटी आमच्याच वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं हो म्हटलं. तोंडानं फाटकी, गोड बोलणं तिला ठाऊकच नाही.

"ते डोक्यानं ठीक हाय का?" तिनं विचारलं.

"ठीक आहे."

"मंग इतके वर्स भाएर काहून राह्यली?"

"घरात कोणी घेतलं नाही म्हणून."

"हं." तिनं पदर खोचला. "मागची खोली बकऱ्याइची हाय. बकऱ्या इकडे बांधते. पन लेंड्या तू झाडजो, मायी कंबर धरते."

मी लेंड्या झाडल्या, भिंतींना चुना मारला, दाराला नवी कडी बसवून घेतली आणि पोहरादेवीहून मावशीला घेऊन आले. दोन्ही किल्ल्या तिच्या हातात दिल्या. तिनं त्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि पहिले कित्येक दिवस खोलीबाहेर, उंबऱ्याला पाठ लावून झोपली. दार सताड उघडं. आत गेलं की जीव घाबरते म्हणायची. पुढं आत झोपू लागली, तर एक दिवस घरमालकिणीनं मला बोलावून घेतलं. खोलीत असा वास सुटला होता की दारात उभं राहवेना. मावशीनं अंथरुणाखाली पोळ्या साठवल्या होत्या, बुरशी आलेल्या, मुंग्या लागलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या. मी नाकाला ओढणी बांधून सगळं बाहेर काढलं. ती कोपऱ्यात उभी राहून रडवेल्या आवाजात म्हणाली, "उद्या नाई भेटल्या त?" मी तिला झाकणाचा डबा आणून दिला. त्यात ठेवा, रोज बघा, शिळ्या झाल्या की बकऱ्यांना घाला. हे आम्ही पुन्हा पुन्हा केलं. मध्ये एकदा ती निघून स्टँडवर गेली होती. संध्याकाळी आपली आपण परत आली.

आणि मग भाऊंना खबर लागली.

ते सकाळी आले. सोबत पोरं, पेढ्याचा बॉक्स, दाराला बांधायला लाल फीत, आणि भाऊंचा हसरा चेहरा असलेलं मोठं फ्लेक्स: 'निराधार मातेला हक्काचं घर'. मी पाणी भरायला आलेली, तिथंच होते.

"हे घर तुम्ही दिलेलं नाही," मी म्हटलं.

"मॅडम, सुरुवात त आमीच केली ना?" भाऊ म्हणाले. "माताजीला बोलवा. कात्री आनली हाय."

मावशीनं खिडकीच्या फटीतून पाहिलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. भाऊंनी दार ठोठावलं, पोरांनी ठोठावलं. 'माताजी, मी तुमचा मुलगा' असं भाऊ कॅमेऱ्याकडं तोंड करून म्हणाले. आतून आवाज आला, "मी घरी नाई."

घरमालकीण हातात खराटा घेऊन आली. "भाडेकरूनं सांगतलं ना घरी नाई म्हनून? निंगा." भाऊंनी तिलाही हात जोडले. जाता जाता पोरांनी फ्लेक्स भिंतीला ठोकलंच, बंद दारापुढं फीत धरून फोटोही काढला. संध्याकाळी तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. दार बंद का, हे फोटोखाली कोणीच विचारलं नव्हतं. नुसते जोडलेले हात आणि फुलं. माझ्या सख्ख्या मामेभावानंही फूल टाकलं होतं. मी त्याच्याशी अजून नीट बोलत नाही.

मावशीनं फ्लेक्स दुसऱ्या दिवशी काढलं. कापड मजबूत होतं. तिनं ते सरपणावर झाकायला घेतलं, चेहरा आतल्या बाजूला.

आता तिचा पगार सुरू आहे. पायाची जखम भरली, पण पाय थोडा ओढते. निवाऱ्याची ती नोकरी मी सोडली. तिथल्या भिंतीवर संस्थेनं भाऊंचा सत्कार केल्याचा फोटो लागला तेव्हाच माझं मन उडालं होतं. वस्तीत मात्र रोज येणं-जाणं आहेच. परवा दोघींचा आवाज चढलेला ऐकू आला म्हणून गल्लीत थांबले.

"मायी बादली पयले लागली व्हती!" घरमालकीण म्हणत होती.

"नळ काय तुया एकटीचा हाय का?" मावशी तितक्याच जोरात. "मी बी भाडं देते! सरक!"

मग बादल्या आपटल्या, एक बकरी ओरडली, आणि भांडण नळावरून बकऱ्यांवर गेलं. मी मध्ये पडले नाही. घरी जाऊन कुकर लावला.