डोक्यापासून अंगठ्यापर्यंत इंग्रजी

मी आखातात शिकवायला निघाले तेव्हा सांगलीत आमच्या गल्लीने मला उंटांविषयी भरपूर सल्ले दिले. उंटाच्या मागे उभं राहू नये, उंटाच्या डोळ्यांत बघू नये, उंट डूख धरतो. सल्ला देणाऱ्यांपैकी एकाने उंट सर्कशीत पाहिला होता, बाकीच्यांनी तेवढाही नाही. ह्यांनी मात्र उंटाचं नाव काढलं नाही. बॅगेचे पट्टे आवळता आवळता एवढंच विचारलं, "जमेल ना तुला एकटीला?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं. भीती वाटत होती, पण ती सांगायची नसते.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, हायस्कुलात इंग्रजी शिकवणारी आणि गणपतीतल्या नाटकांत वर्षानुवर्षं खाष्ट सासू करणारी बाई. मुलगी हॉस्टेलवर गेली, घर रिकामं झालं, आणि रास अल खैमाच्या एका खासगी शाळेला शिक्षिका हवी असल्याचं कळलं. गेले.

शारजाला विमानातून उतरून मी चार अनोळखी पुरुषांबरोबर एका टॅक्सीत कोंबली गेले. पठाण ड्रायव्हरने "यल्ला" (चला) म्हणून जी गाडी सोडली ती सोडलीच. डावीकडे अधूनमधून समुद्र, उजवीकडे अखंड वाळू. वाटेतलं उम्म अल कुवैन कधी आलं आणि गेलं ते कळलंही नाही, मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते. मग एकाएकी समोर डोंगर उभे राहिले. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाचा रंग, आणि औषधालाही झाड नाही. पायथ्याशी सिमेंटच्या कारखान्याचा धूर. आणि हो, उंटही दिसला. एका पिकअपच्या मागे बसून शहराकडे निघाला होता आणि माझ्याकडे शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा बघत होता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही.

शाळेत सगळ्या देशांची मुलं होती. आपल्याकडची मुलं मला मिस म्हणत, स्थानिक अरब मुली अब्ला (बाई) म्हणत. या शब्दाला मराठीत काय अर्थ आहे ते मी कुणाला सांगितलं नाही. सासू करणाऱ्या बाईला ते परवडणारं नव्हतं.

एके दिवशी शम्मा नावाची विद्यार्थिनी माझ्या टेबलाशी आली. "अब्ला, माय ग्रँडमदर वाँट्स यू."

हिला मागच्याच आठवड्यात मी वर्गाबाहेर उभं केलं होतं. संध्याकाळी त्यांची गाडी न्यायला आली तेव्हा मी मनातल्या मनात माफीचं भाषण रचत बसले होते.

मोठं अंगण, त्यात शेळ्या आणि एक सिदरचं झाड, म्हणजे आमच्या बोरीची सख्खी बहीण. खाली चटईवर शम्माची आजी बसली होती. उम्म सैफ, म्हणजे सैफची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. चेहऱ्यावर जुन्या बायका घालतात तो बुर्गा, निळसर सोनेरी चकाकणारा मुखवटा. नाक, कपाळ, ओठ सगळं झाकलेलं, दिसत होते फक्त डोळे. नवऱ्याचा मुंबईशी व्यापार होता म्हणून तिला हिंदी येत होतं, स्वतःच्या व्याकरणाचं.

"तुम बंबई का?"

"सांगली."

"बंबई से दूर?"

"एक रात का सफर."

"अच्छा है. बंबई में बहुत गरमी."

रास अल खैमात, मे महिन्यात, ही बाई मला मुंबईच्या उकाड्याबद्दल सांगत होती. मी नम्रपणे खजूर उचलला. वेलदोडा घातलेली कडू कॉफी आली. छोटा पेला रिकामा झाला की ती परत भरायची. पेला हलवून परत दिला की पुरे, हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पण ते पुढचं.

आधी तिने बोलावण्याचं कारण सांगितलं. तिला काहीतरी दुखत होतं. बऱ्याच दिवसांपासून. मागे एका डॉक्टरकडे सैफने नेलं होतं. त्याने विचारलं, कसं काय? ही म्हणाली, अल्हम्दुलिल्लाह (देवाची कृपा), छान. त्याने टॉनिक दिलं. आता दुबईच्या एका हॉस्पिटलात इंग्लंडहून लेडी डॉक्टर आली होती आणि तिची भेट ठरली होती. त्या डॉक्टरला अरबी येत नव्हतं. दुभाषा होता, पण तो पुरुष, वर याच गल्लीतला.

"उसका अम्मा और मैं एक शादी में बैठता है," उम्म सैफ म्हणाली. "मैं सुबह बोलेगा, शाम को पूरा रास अल खैमा दुआ करेगा. मेरे को इंग्लिश सिखाओ. डॉक्टर का इंग्लिश."

"एवढंच ना? मी येते तुमच्याबरोबर," मी हिंदीत म्हटलं. "तुम्ही मला हिंदीत सांगा, मी तिला इंग्रजीत सांगते."

तिने पेला खाली ठेवला. "तुम अच्छा औरत. लेकिन तुम भी सुनेगा."

"बरं, निदान कुठे दुखतं ते सांगा. तेवढंच शिकवते. काम लवकर होईल."

"सब सिखाओ. सर से अंगूठा तक. मेरे को जो चाहिए, मैं उस में से ले लेगा."

अशी हुशार विद्यार्थिनी मला आयुष्यात दुसरी मिळाली नाही. दुकानदाराला कळू नये म्हणून बाईने अख्खं दुकानच मागितलं होतं.

शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी शरीराचा थोडा थोडा भाग. शनिवारी डोकं, रविवारी मान आणि खांदे, असं करत आम्ही खाली उतरत होतो. मी पक्की नाटकवाली, माणसाच्या चेहऱ्यावरून मनातलं ओळखणारी. म्हटलं, दुखऱ्या जागेचं नाव आलं की ही चाळवेलच. पण चेहराच झाकलेला! "एल्बो" म्हणताना ती जितकी गंभीर, तितकीच "लिव्हर" म्हणताना. "बॅक"ला थोडी थांबली म्हणून मी हुरळले, तर ती शेळीला हाकलत होती. खरं सांगते, तिच्या काळजीपेक्षा मला कुतूहलच जास्त होतं.

सगळे शब्द झाले, आणि मग मी तालीम घ्यायची ठरवली. डॉक्टरचा पांढरा कोट हवा होता. तिने खुशीत सैफचा एक जुना कंदुरा (पुरुषांचा पायघोळ पांढरा झगा) आणून दिला. तो अंगात चढवून, गळ्यात स्टेथॉस्कोप म्हणून तिची ओढणी लटकवून मी दारातून ऐटीत प्रवेश केला.

"गुड मॉर्निंग, उम्म सैफ. हाउ आर यू?"

"अल्हम्दुलिल्लाह. गुड. हाउ आर यू? हाउ युवर मदर? हाउ चिल्ड्रन?"

"डू यू हॅव एनी पेन?"

"नो पेन, अल्हम्दुलिल्लाह. यू ड्रिंक कॉफी?"

मी ओढणी काढून चटईवर बसले. "अहो, दुखतंय म्हणून सांगायला जाताय ना तुम्ही?"

"आदमी पूछता है कैसा है, तो अल्लाह का शुक्र बोलना."

"बोला की. आधी शुक्र, मग दुखणं."

"फिर दर्द बोला, तो शुक्र झूठा हो गया."

मी ओढणी पुन्हा गळ्यात अडकवली. रोज तालीम, रोज तोच शेवट. शब्द सगळे पाठ, नी, किडनी, कॉलरबोन, आणि आजारी बाई ठणठणीत. भेटीचा दिवस जवळ येत होता. परत "गुड" म्हणाली तर परत टॉनिक, हे तिलाही कळत होतं. एकदा उठताना तिने भिंतीचा आधार घेतला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी पाहिलं हे तिने पाहिलं.

मधल्या शुक्रवारी मी शारजात रोल्ला चौकात गेले, मसाला आणायला आणि मराठी कानावर पडावं म्हणून. शुक्रवारी आपली कोकणातली माणसं तिथल्या हिरवळीवर बसलेली असतात. फोनच्या बूथपाशी एकजण, हात गळ्यात बांधलेला, बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टर, घरी बोलत होता. "होय गे आये, एकदम मजेत. काय नाय झालेला. जेवतंय, झोपतंय, अजून काय?"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आणि हे काय?"

"स्लॅबवरसून पडलंय, ताई."

"मग आईला सांगितलं का नाही?"

"सांगून काय करतलं? ती थयसर जेवण सोडतली." मग माझ्याकडे बघून हसला. "तुमी सांगतास घरी सगळा?"

मी फोनच्या रांगेत उभी राहिले आणि ह्यांना सांगितलं की मी मजेत आहे.

पुढच्या तालमीला मी जरा जास्तच अवसान आणलं. दारातून गर्रकन वळत प्रवेश करायचा होता. सैफ उंचापुरा, मी नाही. कंदुरा पायात आला, पायरी चुकली आणि डॉक्टरीणबाई थेट शेळ्यांत. नेमका तेव्हाच सैफ घरी आला. सरकारी कचेरीतला अतिशय सभ्य माणूस. स्वतःच्या कपड्यांत मुलीच्या शिक्षिकेला जमिनीवर लोळताना बघून त्याने फक्त गाडीची किल्ली पुन्हा खिशातून काढली. उम्म सैफने माझ्या अंगावर एक काळा अबाया (बायकांचा पायघोळ झगा) टाकला आणि स्वतः गाडीत चढून बसली.

दवाखान्यातला डॉक्टर मल्याळी होता. "हाउ आर यू, टीचर? पेन देअर?"

माझा पाय टम्म फुगला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि मी म्हटलं, "नो, नो, फाइन. ओन्ली लिटल."

तो मलम लिहायला लागला. तेवढ्यात टेबलावर थाप पडली, पेन उडालं.

"डॉक्टर! शी नो गुड!" उम्म सैफ उभी राहिली होती. "फूट. लेफ्ट. बिग पेन. शी क्राय. शी लाय!"

एक्स-रे निघाला. हाड मोडलं होतं.

प्लास्टर घालून परत येताना गाडीत ती माझ्या पायाकडे बघत होती. मग म्हणाली, "तुम झूठ क्यों बोला?"

"आदत है. कोई पूछे, तो ठीक है बोलते हैं."

"और तुम मेरे को सिखाता है!" आणि ती हसायला लागली. इतकी की बुर्गा थरथरायला लागला आणि पुढे बसलेल्या सैफने वळून बघितलं. हसता हसता मध्येच तिने कुठेतरी हात दाबून धरला. कुठे ते अबायाखाली कळलं नाही.

त्यानंतर तिने नियम उलटवला. मी कुबडी टेकत गेले की तीच विचारायची, "हाउ आर यू?" आणि मी खरं सांगेपर्यंत कॉफी मिळायची नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, पाय जड झालाय. दुसऱ्या दिवशी, प्लास्टरच्या आत खाज येते. नंतर एकदा तोंडून गेलं, "आय मिस माय डॉटर." तिने नेहमीपेक्षा सावकाश कॉफी ओतली. मग मी विचारलं, "अँड यू?" की उत्तर ठरलेलं. "गुड, अल्हम्दुलिल्लाह." शेवटच्या संध्याकाळपर्यंत हेच.

भेटीच्या दिवशी तिने मलाही सोबत नेलं. दुबईच्या हॉस्पिटलात सैफ गाडी लावायला गेला. दुभाषा तरुण अदबीने उठून उभा राहिला. उम्म सैफने त्याच्या आईची, आजीची, मावशीची विचारपूस केली आणि त्याला परत बसवलं. मग मला समोरची खुर्ची दाखवली. "तुम इधर." आणि एकटी आत गेली.

नर्स दार सावकाश लोटत होती. फटीतून आवाज आला, "हॅलो, हाउ आर यू टुडे?"

गणपतीतल्या नाटकांत कधी विंगेत पुस्तक धरून बसायचे तेव्हा नट अडखळला की मी कुजबुजून वाक्य देत असे. इथे ती सोय नव्हती. माझे ओठ मात्र हलत होते.

"अल्हम्दुलिल्लाह," उम्म सैफ म्हणाली. संपलं, मला वाटलं. टॉनिक.

"अल्हम्दुलिल्लाह. नॉट गुड, डॉक्टर. बिग पेन. हिअर."

आणि दार लागलं.

हिअर! डोक्यापासून अंगठ्यापर्यंत मी शिकवलेलं सगळं शरीर बाजूला ठेवून बाईने एक बोट वापरलं होतं. मी कुबडी टेकून उठेपर्यंत नर्सने आतून कडी घातली होती.

पुढे ऑपरेशन झालं, चांगलं झालं. कुठलं ते सैफला ठाऊक असावं, त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे दोनदाच विचारलं. उन्हाळ्याच्या सुट्टीला निघताना निरोप घ्यायला गेले, तेव्हा ती भिंतीचा आधार न घेता उठली.

"हाउ आर यू?" मी म्हटलं.

"गुड, अल्हम्दुलिल्लाह."

"खरंच? आता तरी सांगा, कुठे दुखत होतं?"

मुखवट्यातून दोन डोळे चमकले. "तुम डॉक्टर है?"

सांगलीच्या स्टँडवर पहाटे ह्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली. पायाचं मी घरी कधीच कळवलं नव्हतं. प्लास्टर निघालं होतं, पण रात्रभर बसून घोटा सुजला होता.

"कशी आहेस?"

"बरी," माझ्या तोंडून निघालंच. आधी शुक्र, ते योग्यच. मग मी खाली बोट दाखवलं. "पण दुखतंय. इथे."

गल्लीतले उंटाच्या बातमीसाठी आलेले दोघेजण समोरच उभे होते. हे त्यांच्यादेखत बॅग खाली ठेवून, गुडघ्यावर बसून माझा घोटा बघायला लागले.