जमिनीपासून एक वीत

"रविवारी ये मास्तर. सांगत नाही, दाखवतोच," असं भाऊजी म्हणाले होते, आणि शुक्रवारी दुपारी सौंसरच्या बसचा कंडक्टर आमच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. ओळखीचा माणूस. एरवी ताईनं पाठवलेली संत्र्यांची पिशवी खिडकीतूनच हातात द्यायचा. त्या दिवशी खाली उतरला. "देवरावभाऊ गेले जी, मास्तर. सकाळी नर्सरीतच... छातीत कळ आली म्हणतात." मी त्याला विचारलं, "आणि गुडघा?" तो माझ्याकडे बघतच राहिला. असं का विचारलं, ते मलाही कळलं नाही. दुःखात माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. पण रविवारी भाऊजी मला जे दाखवणार होते, ते त्यांच्या गुडघ्याचंच काहीतरी होतं, आणि त्यावर माझ्या गुडघ्याचा निकाल लागायचा होता.

देवरावजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सावरगावचे, म्हणजे आमच्या पांढुर्ण्याच्या नदीपलीकडचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दोन्ही काठ एकमेकांवर दगड भिरकावतात, तेव्हा लग्नातच आमच्या मामांनी त्यांना बजावलं होतं, "जवाईबापू, आता नेम धरताना जरा इकडंतिकडं पाहत जा." भाऊजी जन्मात गोटमारीला गेले नाहीत. सौंसरबाहेर मोहगावच्या रस्त्याला त्यांनी संत्र्याच्या कलमांची नर्सरी टाकली आणि सारा जन्म उकिडवं बसून काढला. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा काढून तिच्यात सरकवायचा, वरून पट्टी बांधायची. डोळा जमिनीपासून बरोबर एक वीत उंच. खाली बांधला तर ओल लागून डिंक्या रोग धरतो, फार वर बांधला तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. भाऊजी दर रोपाला अंगठा मातीवर टेकवून करंगळी सालीवर लावायचे. मी एकदा म्हटलं, इतकी वर्षं झाली, अंदाजानं बांधा की! तर म्हणाले, "अंदाजानं तुम्ही मास्तर लोक मार्क देता."

मग गुडघा गेला. एकदम नाही... आधी उठताना 'आई गं', मग बसताना. सौंसरच्या स्टँडवर लोक विचारायचे, "गोटमारीत लागला काय?" आणि ते म्हणायचे, "नाही बापा, संत्र्यानं मारला." खाली बसता येईना म्हणून स्टुलावर बसून डोळे बांधू लागले, आणि स्टुलावरून हात जिथवर पोचेल तिथवर डोळा चढत गेला. वीत कुठली, दीड वीत, दोन वीत. गिऱ्हाइकं हसली, कलमा राहून गेल्या. जेवणही खुर्चीवर सुरू झालं. ताई खाली पाटावर, हे वर टेबलाशी. पाहुण्यासारखं वाटायचं ते. मी तिथं गेलो की नेमकं कुठं बसावं, मला कळायचं नाही.

नागपूरच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो. परदेशात शिकून आलेले तरुण डॉक्टर. त्यांनी समजावलं, की हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते, ती एका जागी झिजून खड्डा पडला आहे. त्या खड्ड्यात कार्बनच्या काळ्या धाग्यांची छोटी चकती बसवायची, म्हणजे तिच्या आधारानं शरीर स्वतःच नवा थर चढवतं. नवी गोष्ट आहे, चढतोच अशी हमी नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला अर्धं कळलं. भाऊजी मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"ते जीव धरते काय, डॉक्टरसाहेब?"

"धाग्याला कुठला जीव? जीव तुमचा. धागा नुसता आधार."

"मंग ठीक हाय. म्हणजे पट्टी तुमची आन् साल माही!" असं म्हणून ते इतके खूश झाले, की परतीच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंनाही सगळं सांगून टाकलं.

ऑपरेशन झालं. पाय बरेच दिवस टेकवायचा नव्हता. भाऊजी खाटेवर पडून ताईला आणि मजुरांना ओरडत राहिले. मग काठी आली, मग काठी गेली. आणि इथून पुढे माझा गोंधळ सुरू होतो. कारण तोवर माझाही गुडघा बोलायला लागला होता. त्याच डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, तुमचंही तसंच आहे, होळीपर्यंत ठरवा. मी म्हटलं, घरातच नमुना आहे, त्यालाच विचारू. तर नमुना रोज नवं सांगायचा. ताईला म्हणायचे, "हलकं वाटून राहिलं." स्टँडवरच्या चहावाल्याला म्हणाले, "फसलो बापा." दिवाळीत मला म्हणाले, "करून घे मास्तर, डोळे झाकून." संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवत म्हणाले, "घाई कायले करतं?" मी चिडलो. म्हटलं, भाऊजी, एक काय ते सांगा, मला माझा पाय कापून घ्यायचा आहे! तेव्हा त्यांनी गुडघा चोळला आणि ते रविवारचं वाक्य म्हणाले. आता गंमत बघा, तेव्हा त्यांनी कुठला गुडघा चोळला, तेसुद्धा मला आठवत नाही. मला वाटतं उजवा. ताई म्हणते ऑपरेशन डाव्याचं झालं, मग ते उजवा कशाला चोळतील? पण तीच पुढे म्हणते, की रात्री कण्हायचे ते उजव्याला धरून, कारण इतकी वर्षं सगळा भार त्यानंच वाहिला होता. म्हणजे ऑपरेशन लागू पडलं आणि तरीही ते कण्हत होते? की...? मी तेराव्याला आलेल्या माणसांनाही विचारून पाहिलं. जितकी तोंडं तितके गुडघे.

पंधरा दिवसांपूर्वी ताईनं निरोप पाठवला, पट्ट्या सोडायला ये. डोळा सालीला धरला, की पट्टी वेळेवर सोडावी लागते, नाहीतर ती साल कापते. भाऊजींनी शेवटी बांधलेल्या पट्ट्या तिला मजुरांकडून सोडवायच्या नव्हत्या. आम्ही दोघं नर्सरीत गेलो. कडेला जुन्या वाफ्यात स्टुलाच्या दिवसांतली न खपलेली झाडं उभी होती, सगळ्यांचा जोड उंच, एकही सारखा नाही. त्यांच्या पुढे गेल्या वर्षीच्या उरलेल्या कलमा. मी वाकून बघितलं. सगळे डोळे खाली. अंगठा मातीवर टेकवून वीत लावली, तर माझी करंगळी डोळ्याच्या जरा खालीच राहिली, पण त्यांचा पंजा माझ्याहून मोठा होता. म्हणजे ती त्यांचीच वीत. म्हणजे माणूस खाली बसला होता! मी ताईला हाक मारली, "हेच दाखवणार होते बघ ते मला!"

ती मला यंदाच्या वाफ्याकडे घेऊन गेली. तिथं सुरुवातीला एक वीत, एक वीत... आणि शेवटच्या ओळीत डोळा पुन्हा चढू लागलेला. सगळ्यात शेवटची कलम दोन विती. त्या सकाळची असावी. मी त्या दोन ओळींच्या मध्ये उभा राहिलो. यातलं ते मला काय दाखवणार होते? ही ओळ, की ती? आणि ही वर का चढली, चकती झिजली म्हणून, की तेव्हाच छाती दमवू लागली होती म्हणून?

"ताई, तुला काय वाटतं? फायदा झाला की नाही?"

"मले का ठाऊक," पट्टी सोडता सोडता ती म्हणाली. "माह्याजवळ चांगलं म्हणत, लोकायजवळ वाईट. पण मधू, मागच्या हिवाळ्यात यायनं पाट मागितला. माह्या बाजूले बसून जेवले. दोन भाकरी जास्त गेल्या त्या दिवशी. सारा हिवाळा खाली जेवले, पुढंही... यंदाच्या दिवाळीपर्यंत." मग हात थांबवून तिनं मला विचारलं, "तुह्या घरी रे? बायको कुठं बसते जेवाले?"

"खाली," मी म्हटलं.

"आन् तू?"

 वर्ष होऊन गेलं, मी टेबलावर जेवतो. माझ्या आणि बायकोच्या ताटांमध्ये इतकं अंतर आहे, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ताई पुन्हा कामाला लागली, आणि मला एकाएकी भाऊजींची इतकी आठवण झाली, की मी तिथंच मातीत बसलो. मग अर्थात उठता येईना. ताईनं बगलेत हात घालून उठवलं. ते गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडली.

होळीनंतरची तारीख मी घेतली आहे. कळलं काही नाही, हे कबूल. चकतीवर थर चढेल की नाही, चढला तर किती हिवाळे टिकेल, डॉक्टरही सांगत नाहीत. ती शेवटची उंच कलम कुणी विकत घेतली नसती, म्हणून मी ताईकडून मागून आणली. इथं पांढुर्ण्याला दाराशी डालड्याच्या डब्यात लावली आहे. तिची पट्टी मी डबा टेबलावर ठेवून सोडली. गाठ त्यांच्या हातची, घट्ट, सुटता सुटेना. सुटल्यावर ती चुरगळलेली पट्टी टाकायची की ठेवायची, हे ठरेना, म्हणून ती अजून माझ्या सदऱ्याच्या खिशातच आहे. रोज सकाळी बायको डब्याजवळ खाली बसून पाणी घालते आणि काय झालं ते मला सांगते. त्या डोळ्याला आता दोन पानं आली आहेत. मी खुर्चीवरून बघतो.