टाकीचा केसपेपर

आधी टाकीला कान लावायचा आणि मग उजव्या हाताचं एक बोट वर करायचं. बोट वर आहे तोवर कुणी बोलायचं नाही. चाळीच्या मागच्या अंगणात तेव्हा नळावर भांडण चालू असायचं, वर कुणाचा तरी टीव्ही ओरडत असायचा, शेजारच्या टॉवरचं ड्रिलिंग तर बाराही महिने. पण ते बोट वर गेलं की आपण आपल्यापुरतं गप्प बसायचं. मग चाळीचे भाऊजी डोळे उघडून निदान सांगायचे, "जेवलीय. पण पचला नाय अजून."

ती, म्हणजे बायोगॅसची टाकी. काळी, प्लास्टिकची, छातीइतकी उंच. आत गॅस साठला की वरचं झाकण चढतं, वापरला की खाली बसतं. करी रोडच्या आमच्या चाळीला ती एका संस्थेनं दिली. संस्थेची माणसं सज्जन होती. त्यांनी आम्हाला पडद्यावर वितळणारा बर्फ आणि त्यावर उभं असलेलं एक अस्वल दाखवलं. अस्वलाबद्दल चाळीला मनापासून वाईट वाटलं. पण रोज घरोघरचा ओला कचरा गोळा करून या टाकीत कोण घालणार, असं विचारल्यावर सगळे छताकडे पाहू लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "पेशंटला टायमावर भरवायचं, एवढंच ना? बघतो मी."

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी सगळी नोकरी वॉर्डबॉय म्हणून केली होती. निवृत्त झाल्यावर माणसं देवाकडे वळतात किंवा शेअर बाजाराकडे. यांना टाकी मिळाली.

दुसऱ्याच दिवशी भिंतीवर पुठ्ठ्याचं पॅड आलं, त्याला दोरीनं बांधलेलं पेन आलं आणि केसपेपर सुरू झाला. तीन रकाने: आत, बाहेर, तब्येत. 'सकाळी दोन बादल्या. भात, देठं, मासळीची आतडी. लिंबाच्या साली काढल्या. तब्येत ठीक. ज्योत निळी.' अक्षर वाईट, पण एकही दिवस कोरा नाही. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. इतकी नियमित नोंदवही मी दुसरीकडे पाहिली नाही, माझी स्वतःची धरून.

बादल्या ते स्वतः तपासायचे. आमच्या चाळीत कोकणातली घरं जास्त, म्हणजे आमसूल आलंच. "सोलकढी कोणी ओतली ह्यात? ॲसिडिटी होईल तिला."

"भाऊजी," दुसऱ्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "आमच्या ह्यांना वीस वर्षं ॲसिडिटी आहे, त्यांची नाही कुणी चौकशी करत."

"तो बोलतो गे. ही बोलत नाय."

गॅसची नळी तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत गेली होती. त्यामागे कोणतंही धोरण नव्हतं. ती खोली टाकीला सगळ्यांत जवळची, एवढंच. तिथं राहणाऱ्या वहिनी नवरा गेल्यापासून पोळीभाजीचे डबे करायच्या. गिऱ्हाईक म्हणजे बाहेरगावाहून आलेले, हॉस्पिटलच्या फुटपाथवर पथारी टाकलेले रुग्णांचे नातेवाईक. टाकी रोज दोनेक तास शेगडी चालवायची. तेवढ्यात पोळ्या व्हायच्या आणि वहिनींचा एक सिलिंडर दोन सिलिंडरांचं काम करायचा. टाकी नसती, तर डब्याचा भाव वाढला असता किंवा डबे बंद पडले असते. पृथ्वीला त्यातून नेमकं काय मिळालं ते संस्थेच्या अहवालात असेल. फुटपाथवरच्या माणसाला गरम पोळी मिळाली.

टाकी अशी आठेक महिने चालल्यावर तिचं लोकार्पण ठरलं. चालू असलेली गोष्ट सुरू करून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तुम्हीही पाहिली असेल.

त्या सकाळी मी खाली उतरलो तर अंगणभर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा वास. भाऊजी अर्ध्या चड्डीत, हातात खराटा आणि फिनेलची बाटली. फरशी धुऊन झाली होती, गटार धुऊन झालं होतं, आता टाकी धुणं चाललं होतं. कचरा घालायच्या नळीचं तोंड घासून त्यांनी वरून बादलीभर फिनेलचं पाणी सोडलं.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"राऊंड आहे ना, मास्तर."

मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. पण चष्मा असला आणि हातात पेपर असला की चाळीत माणूस मास्तर होतो. मास्तरानं तो वास छातीभर घेतला आणि म्हटलं, झकास. टाकीत जिवंत जंतू असतात आणि गॅस ते करतात, हे संस्थेनं आम्हा दोघांनाही समजावलं होतं. पण मोठा साहेब येणार म्हटलं की फिनेल, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. माझ्या हाडात काय भिनलेलं होतं कोण जाणे.

पाहुणे दीड तास उशिरा आले. मांडवात डिझेलचा जनरेटर धडधडत होता, कारण कूलर लावले होते. प्रमुख पाहुणे तापमानवाढीवर बोलले आणि कूलर आपल्याकडे वळवून घेतला. संगमरवरी पाटीवरचा पडदा दूर झाला. पाटीवर अकरा नावं होती. शेगडी पेटली, कारण आदल्या दिवशीचा गॅस शिल्लक होता. भाऊजी सगळ्यांत मागे, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, हात पाठीशी बांधून उभे. पाहुण्यांनी जाताना विचारलं, "हे कोण?" कुणीतरी म्हणालं, "स्वयंसेवक." पाहुणे म्हणाले, "वा."

तिसऱ्या दिवशी बोट वर गेलं ते बराच वेळ खाली आलं नाही. मग त्यांनी नळीला नाक लावलं, आणि ते वहिनींच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागे होतो.

"वैनी, फिनेल मीच ओतलंय."

वहिनी पोळी लाटत होत्या. "वासावरून कळलं मला."

"मग बोलला नाय ते?"

"बोलून गॅस येणार होता?" त्यांनी पोळी उलटली. "हा सिलिंडर संपेपर्यंत धकवते, भाऊजी. मग डबे बंद. भाव नाही वाढवणार मी. ती माणसं घरचं किडूकमिडूक मोडून आलेली असतात."

मी संस्थेला फोन केला. लोकार्पणाबरोबर प्रकल्प पूर्ण झाला होता. अहवालात आमची टाकी यशस्वी होती.

उपाय एकच होता: अर्धी टाकी उपसून ताजं शेण, म्हणजे नवे जंतू, घालायचं. करी रोडला शेण कुठून आणणार? दादरच्या वाटेवर एका देवळाबाहेर एक बाई गाय घेऊन बसते. लोक तिच्याकडून चारा विकत घेऊन गाईला घालतात. पुण्यासाठी गाईच्या तोंडाकडे गर्दी. आम्ही दोघं मागच्या बाजूला बादली घेऊन उभे. पहिल्या दिवशी बसच्या कंडक्टरनं झाकण उघडून पाहिलं आणि आम्हाला पुढच्याच स्टॉपवर उतरवलं. त्यानंतर रोज चालत. चार दिवसांनी माझे गुडघे बोलू लागले आणि मी जाणं सोडलं. ते जात राहिले. बादली या हातातून त्या हातात घेत, दर दुकानापाशी थांबत.

केसपेपरवर लिहिलेलं असायचं: 'तोंडावाटे काही नाही.' 'उपास.' 'उपास.' 'वाटीभर पेज.' टाकीभोवती त्यांनी घरची घोंगडी गुंडाळली. रोज सकाळी शेगडीपाशी काडी धरायचे. फुस्स व्हायचं, काडी विझायची. "गॅस आहे, पण कच्चा आहे," ते म्हणायचे, आणि वहिनींकडे बघायचे नाहीत. वहिनी सिलिंडर हलवून पाहायच्या. मग त्यांनी तो आडवा केला. ज्या घरात सिलिंडर आडवा झाला, तिथं किती दिवस उरलेत ते तुम्हाला सांगायला नको.

आडव्या सिलिंडरच्या तिसऱ्या दिवशी काडी विझली नाही. आधी पिवळट, थरथरती ज्योत. मग कडेनं निळी. वहिनींनी तवा ठेवायच्या आधी चहाचं आधण ठेवलं. "घ्या भाऊजी." पण ते बाहेर केसपेपर लिहीत होते. 'ज्योत निळी' लिहायला त्यांना इतका वेळ लागला की चहावर साय आली.

पुढचं वर्षभर टाकी बरी होती, भाऊजी बरे नव्हते. शेवटी स्वतःच्याच हॉस्पिटलात, एके काळी ज्या वॉर्डात लादी पुसली तिथंच त्यांना खाट मिळाली. मी भेटायला गेलो तेव्हा उशाशी वहिनींचा डबा होता, न उघडलेला.

"जेवली ती?"

"जेवली," मी म्हटलं.

"पचला?"

"हो."

"कान लावलात?"

मी डब्याचं झाकण काढायला घेतलं.

"मग कशाला सांगता, मास्तर," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. रागावले नव्हते. दमले होते.

चाळ आता पुनर्विकासात जाणार आहे. नव्या इमारतीच्या रंगीत चित्रात गच्चीवर झाडं आहेत, टाकी नाही. तोपर्यंत, भाऊजींच्या मागे, बादल्या मी घेतो. पुठ्ठ्याच्या पॅडचा खिळा गंजून तुटला, म्हणून वहिनींनी ते संगमरवरी पाटीच्या स्क्रूला अडकवलं. त्यामागे सात नावं झाकली जातात. तक्रार कुणाचीच आलेली नाही.

रोज सकाळी मी टाकीला कान लावतो. खरं सांगायचं तर मला आत काहीच ऐकू येत नाही. टॉवरचं ड्रिलिंग तेवढं येतं. तरी बोट वर करतो. कोपऱ्यातल्या खोलीत लाटणं थांबतं.