भोकाच्या पैशाचं वजन

सिल्वासात आभाळालासुद्धा रंग ठरवून दिलेत, हे मला नवऱ्याची नोकरी गेल्यावर कळलं. हिरवा, पिवळा आणि लाल. मोबाईलवर नकाशा उघडायचा, आपण उभे आहोत ती जागा हिरवी असली तर ड्रोन वर सोडायचा, नसली तर परवानगीसाठी खेटे घालायचे. कंपन्यांचा धूर मात्र तिन्ही रंगांतून बिनधास्त हिंडतो. त्याला कोणी काही विचारत नाही.

आमचे हे दोरा बनवणाऱ्या कंपनीत ऑपरेटर होते. धुळ्याकडून इथे आलेला माणूस कंपनीतच असायचा, त्यात नवल ते काय! मशीनं नवी आली, माणसं जुनी झाली, आणि ह्यांना घरी बसवलं. शेवटी जे हातात पडलं त्यातून ह्यांनी ड्रोन घेतला. लग्नांचं शूटिंग करू म्हणाले. मी म्हटलं, "अहो, चाळिशी उलटल्यावर पतंग उडवायचे डोहाळे लागलेत का?" पण माणूस नेटका. ड्रोनचा नंबर काढला, नियम पाठ केले, प्रत्येक लग्नाआधी चौकीत अर्ज देऊन शिक्का घ्यायचे. घेतानाच ड्रोन असा निवडला, की उडवणाऱ्याला लायसन लागू नये. अडीचशे ग्रॅमच्या आत असला की लागत नाही. ह्यांचा दोनशे एकोणपन्नासचा, खोक्यावर तसं छापलेलंच होतं.

दसऱ्याला सासूबाईंनी पूजा मांडली. गावाकडून आमच्याकडे राहायला आल्यापासून दरवर्षी मांडतात. विळी, शिलाई मशीन, मोटारसायकल, जे जे घर चालवतं त्याला कुंकू लागतं. ह्यांची नोकरी होती तेव्हा कंपनीतले पाने घरी आणून त्यांच्यावरही फुलं पडायची. त्या वर्षी पाटावर ड्रोन बसला. आईंनी त्याला कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि ट्रंकेतून एक भोकाचा पैसा काढला. हे तान्हे असताना दृष्ट लागू नये म्हणून तो ह्यांच्या करदोट्यात ओवलेला होता. तोच पैसा आईंनी काळ्या दोऱ्याने ड्रोनच्या पोटाशी घट्ट बांधला. मला हसू आवरेना. म्हटलं, "आई, आता ह्याला पाळण्यातच घाला!" त्या म्हणाल्या, "हस तू. वर एकटंच जातंय ते." हे म्हणाले, राहू दे, तेवढंच आईचं समाधान. आणि पैसा तिथेच राहिला.

तुळशीचं लग्न झालं आणि आम्हाला किलवणीला एका लग्नाचं काम मिळालं. नकाशा हिरवा, अर्जावर शिक्का. दुपारी वरात निघाली, ह्यांनी ड्रोन वर सोडला, मी खाली कॅमेरा धरून होते. शेजारी एक कंपनी होती. तिच्या वॉचमनने फोन लावला, की कोणीतरी आमच्या पत्र्यांवर पाळत ठेवतंय. पत्र्यांवर काय होतं हो? कबुतरं! पण जीप आलीच. नवरदेव घोड्यावर तसाच राहिला आणि आम्ही ड्रोनसकट जीपमध्ये.

चौकीत साहेबांनी अर्ज पाहिला, शिक्का पाहिला, नकाशा पाहिला. कुठेच खोट निघेना, तसतसे ते चिडत गेले. मग विचारलं, "वजन कितना?" ह्यांनी सांगितलं. "डिब्बे का नहीं, चीज का बताओ." चौकीत काटा नव्हता. म्हणून आमची वरात समोरच्या फरसाणवाल्याकडे गेली. त्याने काट्यावरची पापडी उतरवली, फडकं मारलं, काटा शून्यावर आणला आणि आमचा ड्रोन ठेवला. आकडा आला दोनशे एक्कावन्न.

ह्यांचा चेहरा खाडकन उतरला. मला तर काही कळेचना. मग ह्यांनी ड्रोन उलटा केला आणि पोटाखालचा पैसा दिसला. इतके दिवस तो तिथे होता, रोज डोळ्यांसमोर, आणि त्यालाही वजन असतं हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पैसा म्हणजे आईचा आशीर्वाद, तो कोण काट्यावर घालतं? ह्यांनी दोरा तोडून पैसा बाजूला केला आणि ड्रोन पुन्हा ठेवला. दोनशे एकोणपन्नास. फरसाणवालासुद्धा म्हणाला, "बराबर छे, साहेब."

साहेब म्हणाले, उडत होता तेव्हाचं वजन धरायचं, आत्ताचं नाही. अडीचशेच्या वर गेला म्हणजे लायसन दाखवा. लायसन नव्हतं, ड्रोन जप्त करून पिशवीत घातला. पैसाही त्याच पिशवीत गेला, पुरावा म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम आहे, असू दे. विमानं पडू नयेत म्हणून केला असेल, मी कुठे नाही म्हणते? पण सगळं बरोबर असलेल्या माणसात खोट शोधत बसायचं आणि सापडली की मांडीवर थाप मारायची, हे कुठल्या नियमात लिहिलंय?

दुसऱ्या दिवशी आई हट्टाने आमच्यासोबत चौकीत आल्या. पैशाचं त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. ते साहेबांनी सांगितलं, पिशवी त्यांच्यासमोर हलवून. आईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तो पैसा मी बांधा व्हता, साहेब. त्याला नका धरू." साहेब म्हणाले, "मग लायसन आजीच्या नावाने काढा!" सगळी चौकी हसली. आणि आईही हसल्या, कसनुशा. चार माणसांत साहेब हसले की आपणही हसायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. जळ्ळं मेलं ते हसू, अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मग ह्यांचे खेटे सुरू झाले. आज साहेब बंदोबस्तावर, उद्या रजेवर, परवा फाईल वर गेली. लग्नसराई तशीच निघून गेली, ठरलेली कामं दुसऱ्यांना गेली. उन्हाळ्यात ह्यांनी हात टेकले आणि ठेकेदाराकडून पुन्हा कंपनीत लागले. जिथे ऑपरेटर होते, तिथेच नव्या मशीनपाशी आता बोचकी उचलतात.

पुढच्या दसऱ्याला सकाळी मी एकटीच चौकीत गेले. सणाचा दिवस आहे, म्हटलं, माणसाला पाझर फुटेल. आत टेबलावर पांढरी चादर घालून बंदुका मांडल्या होत्या, आणि मधोमध त्यांचा स्वतःचा ड्रोन. आमच्या चौपट मोठा! त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, समोर नारळ, चारही पंखांना कुंकू. साहेब हात जोडून उभे होते. मला पाहून म्हणाले, "या बेन, प्रसाद घ्या."

मी विचारलं, "साहेब, ह्याचं वजन हारासकट धरायचं, की हार काढून?"

त्यांना कळलं. हसले नाहीत ह्या वेळी. "ते सरकारी आहे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "आमचा ड्रोन ठेवून घ्या तुम्ही. आईंचा पैसा तेवढा द्या." तर म्हणाले, केस संपल्याशिवाय पिशवी उघडता येत नाही. पेढा मी घेतला नाही.

घरी आले तर आईंनी पाट मांडला होता. विळीला कुंकू लावलं, शिलाई मशीनला लावलं. पाटाच्या कडेला ह्यांचं कंपनीचं हेल्मेट होतं, ते ह्यांनीच आणून ठेवलं होतं. आईंचं बोट हेल्मेटपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

"नको माय," त्या पुटपुटल्या, "वजन वाढी जाई."

आणि कुंकवाचं बोट त्यांनी पदराला पुसून टाकलं.